एमएमएच्या क्लासला पैसे भरण्याआधी

मोबाइलवर पिंजऱ्यातल्या लढती पाहून आपली लेकरे आता एक नवा हट्ट धरू लागली आहेत. पूर्वी "बाबा, जिमची फी द्या" असे म्हणत. आता "एमएमए लावून द्या" म्हणतात. एमएमए म्हणजे मिक्स्ड मार्शल आर्ट्स, मिश्र युद्धकला. त्यात ठोसा, लाथ, कुस्तीची पकड आणि जमिनीवरचे डाव असे सगळे एकत्र असते. अमरावती आणि अकोला या शहरांत हा शब्द आता जिमच्या पाट्यांवर दिसू लागला आहे. कराटेच्या जुन्या क्लासच्या पाटीखाली तो वाढवला जातो, तसाच जिमच्या फ्लेक्सवर झुंबा आणि योगाच्या शेजारीही लागतो.

घरात मग दोन मते पडतात. आजी म्हणते, "काऊन बा, पैसे देऊन मार खायचा?" बाप म्हणतो, पोट्टं मोबाइल सोडून घाम गाळायला निघालं, तर अडवता कशाला? दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. माझे मत असे आहे की लेकरांना अडवू नये, पण 'एमएमए' या नावाला पैसेही देऊ नयेत. आधी रक्ताची एक तपासणी करावी. मग कुस्ती, ज्युदो, वुशू किंवा बॉक्सिंग यांपैकी एक कला धड शिकावी, आणि फी महिन्याच्या महिन्याला, पावती घेऊन भरावी. या क्रमामागची कारणे पुढे देतो.

नाव नवे, पाया जुना

या खेळाचा आजचा अवतार १९९३ साली अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात सुरू झाला. कोणती युद्धकला सगळ्यांत भारी, हे पाहण्यासाठी वेगवेगळ्या कलांचे लढवय्ये समोरासमोर आणले गेले. सुरुवातीला नियम नावापुरतेच होते. लोकांनी आणि राजकारण्यांनी आरडाओरड केल्यावर २००० सालाच्या सुमारास न्यू जर्सी राज्याने नियमांची एक संहिता पुढे आणली. वजनगट ठरले, साधारण लढतीला पाच मिनिटांच्या तीन फेऱ्या ठरल्या. डोळ्यांत बोट घालणे, जांघेत मारणे, डोक्याच्या मागच्या बाजूला मारणे या गोष्टींवर बंदी आली. हातमोजे मात्र चार औंसांच्या आसपासचे, म्हणजे बॉक्सिंगच्या मोज्यांच्या निम्म्याएवढे किंवा त्याहूनही हलके राहिले, कारण बोटांनी पकड घेता यायला हवी.

आपल्याकडची या खेळातली नावे पाहा. रितू फोगट २०१९ साली या खेळात उतरली तेव्हा ती आधीच नावाजलेली कुस्तीगीर होती. जून २०२४ मध्ये यूएफसीची लढत जिंकणारी पहिली भारतीय ठरलेली पूजा तोमर ही वुशूची राष्ट्रीय विजेती होती. यांपैकी कोणीही एमएमएच्या क्लासमध्ये 'अ आ इ ई' शिकून वर आलेले नाही. एका कलेत पाच-दहा वर्षे हाडे झिजवली आणि मग दुसऱ्या कला जोडल्या.

म्हणूनच जो क्लास दहा वर्षांच्या मुलाला पहिल्याच महिन्यात ठोसा, लाथ, पकड आणि गळफास असे चारही शिकवायचे म्हणतो, तिथे एकही गोष्ट धड शिकवली जाणार नाही. पाया कुठून आणायचा, हा खरा प्रश्न आहे. आणि वऱ्हाडात तो पाया आपल्या दाराशी आहे.

वऱ्हाडात काय आहे

अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना १९१४ सालची. वैद्य बंधूंनी उभे केलेले हे मंडळ आज देशभर ओळखले जाते. १९३६ मध्ये बर्लिनला ऑलिंपिक भरले तेव्हा मंडळाच्या पथकाने तिथे जाऊन भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवली होती. शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय मंडळ अनेक दशके चालवत आहे. खेळ शिकवावा कसा, हे शिकून बाहेर पडलेली माणसे म्हणूनच अमरावतीत गल्लोगल्ली सापडतात. आपल्या वस्तीतल्या शाळेचे पी.टी.चे सर किंवा मॅडमही बहुधा तिथेच शिकलेले असतात. क्लास निवडताना सल्ला विचारायला याहून जवळचे माणूस नाही.

अकोल्याची ओळख बॉक्सिंगची आहे. राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीने अकोल्यात बॉक्सिंगपटू घडवले. बुलढाणा जिल्ह्यातल्या चिखली तालुक्यातला अनंता चोपडे हा त्यांपैकीच एक. २०१९ मध्ये इंडोनेशियात झालेल्या प्रेसिडेंट्स कप स्पर्धेत ५२ किलो वजनगटात त्याने सुवर्णपदक जिंकले. त्याच स्पर्धेत मेरी कोमनेही सुवर्णपदक मिळवले होते. खेड्यातल्या पोराने महागड्या क्लासची फी न भरता सरकारी व्यवस्थेतून एवढी मजल मारली. पैसे भरण्याआधी हे उदाहरण प्रत्येक बापाने डोळ्यांसमोर ठेवावे.

पहिले काम म्हणून जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जा आणि तीन गोष्टी विचारा. जिल्हा क्रीडा संकुलात कुस्ती, ज्युदो, बॉक्सिंग, तायक्वांदो, वुशू यांपैकी काय चालते? फी किती? प्रशिक्षक कोण? वुशूचे नाव मी मुद्दाम घेतो. त्यातला 'सांडा' हा प्रकार एमएमएच्या सगळ्यांत जवळचा आहे. ठोसा, लाथ आणि उचलून पाडणे हे तिन्ही त्यात असते, आणि वुशू आशियाई स्पर्धांत अनेक वर्षांपासून आहे.

प्रशिक्षकाला "तुमचे शिक्षण कुठे झाले?" असे विचारायला संकोच करू नका. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची पदविका, शारीरिक शिक्षणाची पदवी, किंवा स्वतः राज्य-राष्ट्रीय पातळीवर खेळल्याचा दाखला, यांपैकी काहीतरी असावे. तीन दिवसांच्या शिबिरात मिळालेले रंगीत प्रमाणपत्र त्यात धरू नका. गावच्या आखाड्यातल्या वस्तादाकडे एकही कागद नसेल, पण त्याने घडवलेले पहिलवान असतील. तोही दाखलाच आहे.

आधी रक्त तपासा

या पानावर मला सगळ्यांत महत्त्वाचे सांगायचे आहे ते हे. विदर्भात सिकलसेलचे प्रमाण मोठे आहे. आदिवासी समाजाप्रमाणेच आपल्या बौद्ध समाजातही ते आहे. हा रक्ताचा आनुवंशिक दोष आहे. संसर्ग नाही, कोणाचे पाप नाही. दोन्ही पालकांकडून दोषी जनुक आले तर माणूस 'एसएस', म्हणजे रुग्ण. एकाकडून आले तर 'एएस', म्हणजे वाहक. वाहकाला एरवी काही जाणवत नाही. तो शेतात राबतो, धावतो, संसार करतो. आपण वाहक आहोत हे अनेकांना लग्न ठरेपर्यंत किंवा लेकरू आजारी पडेपर्यंत ठाऊकच नसते.

एमएमएचा सराव आणि सिकलसेल यांचा संबंध काय? दम न घेता, पाणी न पिता, उकाड्यात शरीर टोकाला नेले की वाहकाच्याही तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकू शकतात. स्नायूंना रक्त कमी पडते, स्नायू तुटू लागतात आणि त्यांतले घटक रक्तात मिसळून मूत्रपिंडावर व हृदयावर ताण येतो. २००६ साली अमेरिकेतल्या राइस विद्यापीठात डेल लॉइड हा १९ वर्षांचा फुटबॉलपटू सरावाच्या धावण्यात कोसळला आणि दुसऱ्या दिवशी गेला. तो वाहक होता. त्यानंतर तिथल्या विद्यापीठीय क्रीडा संघटनेने २०१० पासून वरच्या श्रेणीतल्या खेळाडूंसाठी सिकलसेल तपासणीचा नियम आणला.

पण घाबरून जाऊ नका. २०१६ मध्ये अमेरिकी सैन्यातल्या सुमारे ४८ हजार कृष्णवर्णीय सैनिकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सरावात पाणी, विश्रांती आणि उष्णतेची काळजी घेतली जात होती, अशा त्या सैन्यात वाहकांचे मृत्यू इतरांपेक्षा जास्त आढळले नाहीत. श्रमाने स्नायू तुटण्याचा धोका मात्र वाहकांत सुमारे दीडपट दिसला. यातून अर्थ एवढाच काढायचा की वाहकाने खेळ सोडायचा नाही, पण त्याच्या प्रशिक्षकाला ते ठाऊक असले पाहिजे आणि सराव शहाणपणाने झाला पाहिजे.

'एसएस' असलेल्या मुलाची गोष्ट वेगळी. त्याला अंगाला अंग भिडणारा, दमछाक करणारा खेळ डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावूच नये. अशा मुलांची प्लीहा, म्हणजे पाणथरी, काही वेळा वाढलेली असते आणि पोटावर बसलेला एक फटका जिवावर बेतू शकतो. त्याला हालचाल हवीच, पण ती चालणे, हलका व्यायाम, बुद्धिबळापासून टेबल टेनिसपर्यंतचे खेळ अशी, डॉक्टरांच्या सल्ल्याने.

तपासणी सोपी आहे. आधी साधी चाचणी होते. ती दोष दाखवते तेव्हा पुढची चाचणी करून 'एएस' की 'एसएस' हे ठरते. १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले असून ४० वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी हा त्याचा भाग आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा, अमरावतीच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात (इर्विनला) किंवा अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयात विचारा. शाळेत तपासणी होऊन कार्ड मिळाले असेल तर ते शोधून काढा. अहवालाची एक झेरॉक्स क्लासच्या अर्जाला जोडा. ती पाहून जो प्रशिक्षक नाक मुरडेल किंवा चारचौघांत बोलेल, त्याच्याकडे लेकरू ठेवू नका.

खुणा लक्षात असू द्या. साध्या गोळ्यात (क्रॅम्पमध्ये) स्नायू एकदम दगडासारखा आवळतो, कळ येते, पोरगा ओरडतो. सिकलसेलच्या त्रासात पाय दुखतात, पण त्याहून जास्त म्हणजे त्यांतले बळ जाते. धाप लागते, मूल बसकण मारते किंवा कोसळते, पण बहुधा शुद्धीवर असते, बोलत असते. म्हणूनच "नाटक करतो, ऊठ" असे त्याला म्हटले जाते, आणि तिथेच घात होतो. अशा वेळी सराव थांबवा, सावलीत न्या, पाणी द्या आणि थेट रुग्णालय गाठा. वाट पाहू नका.

ऊन, पाणी आणि वजन

अकोल्यातला मे महिना आपल्याला सांगायला नको. पारा ४५ च्या वर जातो. टिनाच्या शेडमध्ये, खिडकी-पंख्याविना, संध्याकाळी पाचला जोरदार सराव म्हणजे वाहक नसलेल्या मुलालाही उष्माघाताला बोलावणेच. मार्च ते जून सराव पहाटे किंवा रात्री असावा. पाणी प्यायला बंदी घालणारा, "पाणी पिलं की दम तुटतो" असे सांगणारा उस्ताद जुन्या काळातला असो की नव्या, तो चूक आहे.

दुसरी वाईट चाल म्हणजे स्पर्धेआधी वजन तोडणे. दोन दिवस पाणी बंद, अंगावर प्लास्टिकचा सूट, उन्हात धावणे, आणि खालच्या वजनगटात शिरणे. डिसेंबर २०१५ मध्ये यांग जियान बिंग हा २१ वर्षांचा चिनी लढवय्या लढतीआधी असेच वजन उतरवताना गेला. त्यानंतर त्याच्या संघटनेने पाणी तोडून वजन उतरवण्यावर बंदी घालून नियमच बदलले. व्यावसायिक लढवय्याची ही गत, तर आपल्या शाळकरी मुलाला तालुक्याच्या स्पर्धेसाठी उपाशी ठेवण्याचे कारण काय? वाढत्या वयात मुलाने आपल्या खऱ्या वजनगटात खेळावे आणि हरला तर हरावे.

डोके एकच आहे

हाड मोडले तर जुळते, पण मेंदूला बसलेला हादरा तसा नसतो. मार बसल्यावर मूल गोंधळले, तेच तेच विचारू लागले, डोके दुखू लागले, उलटी झाली, उजेड सहन होईना, तर त्या दिवशी त्याचा खेळ संपला. बेशुद्ध पडलेच पाहिजे असे नाही. पहिले एक-दोन दिवस विश्रांती, मग हळूहळू रोजची कामे, मग शाळा, आणि सगळ्यांत शेवटी, डॉक्टरांनी सांगितल्यावर, अंगाला अंग भिडणारा सराव. पहिला हादरा बरा होण्याआधी दुसरा बसला तर तो जीवघेणा ठरू शकतो. डोकेदुखी वाढत गेली, उलट्या थांबेनात, झोप उतरेना, हातपाय लुळे वाटले तर रात्र असो की दिवस, दवाखान्यात न्या.

"हेडगार्ड घालतो ना," असे क्लासवाले म्हणतात. हेडगार्डने जखमा आणि खोका कमी होतात, पण आत मेंदू हलतो तो हलतोच. पुरुषांच्या वरिष्ठ हौशी बॉक्सिंगमधून २०१३ पासून हेडगार्ड काढूनच टाकले गेले. अमेरिका आणि कॅनडातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी २०११ मध्ये मुलांच्या बॉक्सिंगला जाहीर विरोध केला, तोही डोक्याला होणाऱ्या इजेपायीच.

वर बॉक्सिंगची बाजू घेतली आणि इथे हे सांगतो, यात विसंगती वाटेल. माझे म्हणणे असे. चौदा-पंधरा वर्षांपर्यंत कुस्ती किंवा ज्युदो करावे. बॉक्सिंग लावायचेच तर पावलांची हालचाल, दोरी, बॅग आणि पॅडवरचे ठोसे एवढेच करावे. डोक्यावर ठोसा घेण्याचा सराव त्या वयात नकोच. पुढेही तो कधी, किती जोराने आणि आठवड्यातून किती वेळा, हे प्रशिक्षकाने तोंडाने सांगता आले पाहिजे. "रोज घेतो, पोरं तयार होतात" असे उत्तर आले तर पैसे खिशातच ठेवा.

त्वचेकडेही पाहा. घामट मॅटवर एकमेकांना घासून गजकर्ण पसरते. मॅट रोज जंतुनाशकाने पुसतात का, नखे कापलेली आहेत का, अंगावर चट्टा असलेल्या मुलाला बाजूला बसवतात का, हे पाहिल्या दिवशी पाहा. गजकर्ण झालेच तर मेडिकलमधून विचारून आणलेली स्टेरॉइडमिश्रित ट्यूब लावू नका. खाज थांबते, पण बुरशी आत वाढत जाते. सरकारी दवाखान्यातल्या त्वचारोग विभागात जा.

मुलींसाठी

मुलींना हे शिकवावे का? जरूर शिकवावे. पण सात दिवसांच्या शिबिराने मुलगी स्वतःचे रक्षण करायला शिकते, हा समज सोडा. शरीराला सवय लागायला महिने लागतात. कोणी मनगट धरले तर सुटता येणे, पडले तर उठता येणे, मोठ्याने ओरडता येणे, हे शेकडो वेळा केल्यावर अंगात भिनते. सरकारी शाळांत समग्र शिक्षा अभियानातून सहावी ते बारावीच्या मुलींसाठी राणी लक्ष्मीबाई आत्मरक्षा प्रशिक्षण असते. आपल्या शाळेत ते होते का, किती दिवस होते, हे मुख्याध्यापकांना विचारा.

खासगी क्लासमध्ये स्त्री प्रशिक्षक असावी. नसेल तर निदान मुलींची वेगळी तुकडी आणि एक जबाबदार बाई हजर असावी. या खेळात स्पर्श होतोच. म्हणून कुठला स्पर्श डावाचा आणि कुठला नाही, हे मुलीला आधी घरी सांगा. पालकांना सराव पाहत बसू देत नाही, असा क्लास मुलगा असो की मुलगी, कोणासाठीही नको.

आता पैशाचा हिशेब

आपल्यातली बरीच घरे महिन्याच्या पगारावर नाहीत. सोयाबीन निघाले, कापूस विकला, ठेक्याचे बिल निघाले की हातात एकरकमी पैसा येतो, आणि नेमक्या त्याच वेळी 'वार्षिक पॅकेज'चा फ्लेक्स डोळ्यांसमोर येतो. म्हणून हिशेब मांडून पाहू. समजा क्लासची महिन्याची फी २,००० रुपये आणि वर्षाचे एकदम भरल्यास १८,००० रुपये. वरवर पाहता ६,००० वाचले. पण पोरगा चौथ्या महिन्यानंतर गेलाच नाही, तर महिन्याने भरणाऱ्याचे ८,००० गेले आणि पॅकेज घेणाऱ्याचे १८,०००. पूर्ण नऊ महिने सराव टिकला तर दोन्ही सारखे होतात, त्याच्या पुढे पॅकेज स्वस्त पडते. परीक्षा, लग्नसराई, आजारपण आणि मे महिन्याचे ऊन धरून नऊ महिने सलग टिकणारी पोरे किती, हे आपल्याला ठाऊक आहे. पहिले तीन महिने महिन्यानेच भरा. टिकला तर पुढे तीन-तीन महिन्यांचे भरा.

फी विचारताना आठवड्यातून किती दिवस, किती वेळ आणि एका प्रशिक्षकामागे किती मुले, हेही विचारा. २,००० रुपयांत बारा तास आणि १,५०० रुपयांत वीस तास, यांत स्वस्त कोणते हे तिसरीतले लेकरूही सांगेल. पण वीस तासांच्या त्या तुकडीत चाळीस पोरे आणि एक उस्ताद असेल तर तो स्वस्त सौदाही महागात पडतो.

साहित्य एकदम घेऊ नका. दातांचे कवच (माउथगार्ड), मुलांसाठी जांघेचे कवच आणि हाताच्या पट्ट्या, एवढे पहिल्या दिवसापासून स्वतःचे असावे. मोजे आणि नडगीचे पॅड दोन-तीन महिने क्लासचे वापरा. "आमच्याकडूनच किट घ्यावे लागेल" असे बंधन असेल तर बाजारातला भाव आधी बघून या.

पट्ट्याच्या परीक्षा, 'आंतरराष्ट्रीय' स्पर्धेची प्रवेश फी, ट्रॅकसूट, प्रवास, प्रमाणपत्र हे खर्च मागच्या दाराने येतात. वर्षभरात एकूण किती लागेल, ते लिहून मागा. आणि प्रमाणपत्राचा उपयोग काय, तेही विचारा. शासकीय नोकरभरतीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, म्हणून अनेक बाप पैसे भरतात. पण ते आरक्षण मान्य खेळांना, ठरलेल्या दर्जाच्या स्पर्धांना आणि क्रीडा विभागाच्या पडताळणीनंतरच मिळते. खोट्या क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणे राज्यात गाजलेली आहेत. एमएमएचे प्रमाणपत्र चालेल असे कोणी तोंडी सांगितले तर जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडून खात्री करून घ्या, मगच पुढे जा. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुला-मुलींनी तर लक्षात ठेवावे की मैदानी चाचणीचे गुण धावण्याला आणि गोळाफेकीला असतात.

पावती घ्याच. घेतलेल्या पैशाची पावती न देणे ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. क्लास बंद पडला, उस्ताद गाव सोडून गेला, तर जिल्हा ग्राहक आयोगात जाता येते. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथे शुल्क नाही. १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. पावती नसेल तर यांतले काही पदरात पाडणे अवघड होते. फीसाठी कर्ज किंवा मोबाइल ॲपवरचा हप्ता मात्र कधीही नको.

खुराकावरून डबे विकणारेही भेटतात. पन्नास किलोच्या, जोरदार सराव करणाऱ्या मुलाला दिवसाला साधारण ७० ते ८० ग्रॅम प्रथिने पुरतात. दिवसभराच्या पोळी-भाकरीतून तीसच्या आसपास, दोन अंड्यांतून बारा, मूठभर शेंगदाण्यांतून बारा, पन्नास ग्रॅम हरभऱ्यातून दहा, तेवढ्याच तुरीच्या डाळीतून अकरा आणि तीस ग्रॅम सोयावडीतून पंधरा. बेरीज नव्वद होते. सोयाबीन पिकवणाऱ्या वऱ्हाडाने डब्यासाठी हजारो रुपये मोजावेत, हे काही पटत नाही. आणि 'लवकर अंग भरते' म्हणून कोणी इंजेक्शन पुढे केले तर त्या दारात पुन्हा पाऊल ठेवू नका.

एकट्याने नव्हे, मिळून

एक आक्षेप येईल. "उस्तादानेही पोट भरायचे की नाही? आणि आता तर २०२६ च्या आशियाई स्पर्धांच्या कार्यक्रमात एमएमए आले आहे, मग आपली पोरे मागे का राहावीत?" आक्षेप रास्त आहे. चांगल्या प्रशिक्षकाशी फीची घासाघीस करू नये. त्याचे ज्ञान ही त्याची शिदोरी आहे. आणि आपले एखादे लेकरू त्या पातळीवर गेले तर आनंदच आहे. पण तिथे जाणारी वाट कुस्ती, वुशू, ज्युदोच्या मॅटवरूनच जाते.

एका घराला जे झेपत नाही ते वीस घरांना झेपते. विहाराचे सभागृह आठवड्यातले बरेच दिवस संध्याकाळी रिकामे असते. तिथे मॅट अंथरता येते. समजा वीस मुलांनी महिन्याला तीनशे रुपये दिले तर सहा हजार होतात. आठवड्यातून तीन दिवस येणाऱ्या पदवीधर प्रशिक्षकाशी त्यावर बोलता येते. मोजे, पॅड आणि मॅट मंडळाने एकदाच घ्यावी आणि सगळ्यांनी वापरावी. जयंतीच्या मिरवणुकीतल्या डीजेचा एका रात्रीचा खर्च वळवला तर हे साहित्य बरीच वर्षे पुरेल. ज्या घरात तीनशेही निघत नाहीत, त्या घरातल्या मुलीची फी मंडळाने गुपचूप भरावी, नाव फलकावर लावू नये. आणि सुरू करायच्या आधी त्याच सभागृहात आरोग्य केंद्राला विनंती करून सिकलसेल तपासणीचे शिबिर घ्यावे. एका दिवसात सगळ्या मुलांचे अहवाल हाती येण्याची सोय होईल आणि कोणाला वेगळे पाडल्यासारखेही वाटणार नाही.

येत्या आठवड्यात एवढे करा. लेकराचे सिकलसेलचे कार्ड शोधा, नसेल तर तपासणीला न्या. दोन-तीन ठिकाणी जाऊन सराव संपेपर्यंत बसा आणि शिकणाऱ्या मुलांच्या आईबापांशी बोला. मग जिथे मन ठरेल तिथे एका महिन्याची फी द्या आणि पावती जपून ठेवा.